मावशींना पाठवणाऱ्यांची तपासणी

इमारतीच्या फाटकावर वॉचमन पुरवायचा धंदा करायचा असेल तर एजन्सीला सरकारी परवाना लागतो. खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा केंद्रीय कायदा सांगतो की, त्या वॉचमनची पूर्वपीठिका तपासलेली हवी आणि त्याला ठरावीक प्रशिक्षण दिलेलं हवं. महाराष्ट्रात तर १९८१ पासून सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा आणि मंडळ आहे. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर पक्षाघात झालेल्या आजोबांना स्पंजिंग करायला, राइल्स ट्यूबमधून पेज द्यायला आणि त्यांच्या गोळ्या सांभाळायला रोज एक मावशी येतात. त्यांना पाठवणाऱ्या ब्यूरोला मात्र असा कोणताही खास परवाना लागत नाही. कामावर मोजकीच माणसं दाखवली, तर दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली नोंदणीचीही गरज नाही. ऑनलाइन सूचना दिली की झालं. अंथरुणाला खिळलेला माणूस सरकारच्या लेखी फाटकाइतकाही जोखमीचा नसावा, असा याचा अर्थ निघतो.

हा प्रश्न मूठभर श्रीमंत घरांपुरता राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये काढलेल्या अहवालाचा अंदाज असा की, २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस ज्येष्ठ असेल. मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला, कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दोघंच म्हातारी माणसं. हॉस्पिटल चौथ्या दिवशी डिस्चार्ज देतं आणि कॅथेटरसकट पेशंट घरी येतो. मग नात्यातलं कुणीतरी एका ब्यूरोचा नंबर देतं. बारा तासांची ड्यूटी हवी की चोवीस तासांची, एवढं विचारलं जातं, महिन्याचा आकडा सांगितला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजते.

दारात उभ्या असलेल्या बाईला घरातले सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. ती तीन वर्षांचा जीएनएम झालेली, परिचर्या परिषदेत नाव असलेली परिचारिका असू शकते. दोन वर्षांचा एएनएम केलेली असू शकते. काही महिन्यांचा जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केलेली असू शकते. किंवा गेल्या आठवड्यापर्यंत पोळ्या लाटणारी आणि कोर्सचं तोंडही न पाहिलेली असू शकते. चौघींपैकी कुणीही वाईट नाही. माझ्या पाहण्यातल्या उत्तम शुश्रूषा करणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी चौथ्या गटातल्या आहेत. पण ट्यूब पोटात नीट पोचलीय की नाही हे ओळखणं आणि मायेने घास भरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरच्यांना तो फरक माहीत नसतो आणि कित्येक ब्यूरो तो कळू देत नाहीत.

कायद्याच्या कपाटात शोधलं तर कागद बरेच सापडतात, पण प्रत्येक कागद घराच्या दाराशी येऊन थांबतो. महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. पण तो खाटा असलेल्या जागेसाठी आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. घरेलू कामगारांचा २००८ चा कायदा कामगारांच्या कल्याणासाठी आहे, सेवेच्या दर्जाचा त्यात विषय नाही. पोलीस ठाण्यातली नोकर पडताळणी गुन्ह्याची नोंद आहे का एवढंच पाहते. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, पण वाटोळं झाल्यावर. दिल्लीने २०१४ मध्ये आणि छत्तीसगडने २०१३ मध्ये घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सींसाठी नियम केले. त्यांचा रोख मुलींची तस्करी आणि पिळवणूक थांबवण्यावर होता. सगळ्यात जवळ पोचलं होतं ते डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेलं विधेयक. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून, घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानकं आणायची, असं त्यात स्पष्ट होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा विधेयकही संपलं. निती आयोगाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ज्येष्ठांच्या देखभालीवर मोठं भूमिकापत्र काढलं. घोषणांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.

आता खरा प्रश्न. उद्या नोंदणी आलीच, तर तपासायचं काय आणि कसं? हॉस्पिटलात तपासनीस वॉर्डातून चक्कर मारतो आणि अर्ध्या तासात त्याला अंदाज येतो. घरपोच सेवेत दोनशे पेशंट म्हणजे दोनशे वॉर्ड, प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे. सरकारी माणूस असला तरी कुणाच्या झोपायच्या खोलीत संमतीवाचून शिरू शकत नाही, आणि शिरू नयेच. म्हणून सगळीकडे तपासणीचा पहिला मोह एकच: ब्यूरोच्या ऑफिसात बसून फायली पाहायच्या.

फायलींतून काय दिसतं आणि काय लपतं, याचा नमुना मावशींच्या वहीत असतो. साधी दोनशे पानी वही, रकाने पट्टीने आखलेले: वेळ, बीपी, शुगर, जेवण, औषध, लघवी, कूस. रात्रपाळीचं पान काढा. अकरा वाजता डावी कूस, एकला उजवी, तीनला डावी, पाचला उजवी. शाई एक, अक्षर एका लयीतलं, कुठे वाकडं झालेलं नाही. रात्रीतून चार वेळा झोपेतून उठून लिहिणाऱ्याचं अक्षर असं येत नाही. सकाळच्या चहाआधी एका बैठकीत भरलेलं पान असं दिसतं. जाणता तपासनीस तिथे वही मिटतो, घरच्यांना आणि पेशंटला विचारून माकडहाडापाशी पाहतो. दाबलं तरी फिकट न होणारा डाग ही शय्याव्रणाची पहिली पायरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून बोट लावून पाहावं लागतं: तेवढीच जागा गरम आहे का, घट्ट लागते का. मग तो औषधांचा डबा मागतो. स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजतो, बिलावरची तारीख पाहतो आणि वहीतल्या टिकांशी हिशेब लावतो. वीस टिका आणि चोवीस गोळ्या संपलेल्या, किंवा वीस टिका आणि सोळाच संपलेल्या, दोन्हींचा अर्थ गंभीर असतो.

इथे बहुतेकांचा राग मावशींवर निघतो, आणि माझ्या मते तपासणीची दिशा नेमकी तिथेच चुकते. चोवीस तासांच्या ड्यूटीवर असलेली बाई रात्री दर दोन तासांनी उठणार, हे गृहीतच खोटं आहे. ते पान खोटं लिहिलं मावशींनी, पण लिहायला लावलं ड्यूटी लावणाऱ्याने. दोन माणसांचं काम एकाला देऊन वही मात्र दोघांची भरून मागितली. व्यवस्थापन आणि दर्जा ही तपासणीची दोन वेगळी कलमं मानली जातात. घरपोच सेवेत ती वेगळी काढताच येत नाहीत.

१९६६ मध्ये अवेदिस डोनाबेडियन यांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा मोजायच्या तीन वाटा मांडल्या: साधनं आणि माणसं काय आहेत, काम कसं होतं, आणि शेवटी रुग्णाला काय मिळालं. जगभरच्या तपासण्या आजही याच तीन वाटांवर फिरतात. घरपोच सेवेत तिसरी वाट फसवी आहे. नव्वदीच्या आजी सहा महिन्यांत खंगल्या तर तो सेवेचा दोष की वयाचा? अमेरिकेने यावर आकडेमोडीने मात करायचा प्रयत्न केला. तिथल्या मेडिकेअर योजनेत घरपोच परिचर्या देणाऱ्या संस्थांना प्रत्येक रुग्णाची ठरावीक प्रश्नावली भरावी लागते, मूळ प्रकृती लक्षात घेऊन निकाल सारखे केले जातात, आणि २०१५ पासून संस्थांना तारे मिळतात. अडचण एवढीच की, रुग्ण आधी किती चालत होता आणि आता किती चालतो, हे भरणारी नर्स त्याच संस्थेची असते. मेडिकेअरवर संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाने २०१९ मध्ये या स्वतःच भरलेल्या आकड्यांवर उघड शंका घेतली. त्याच अमेरिकी नियमांतली एक बिनतार्‍यांची अट मला जास्त मोलाची वाटते: परिचर्या चालू असलेल्या घरी मदतनीस जात असेल, तर तिच्या कामावर नजर टाकायला नोंदणीकृत नर्सने किंवा तशाच जाणकाराने दर १४ दिवसांनी पर्यवेक्षण करायचं.

इंग्लंडची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण घरपोच सेवेची तपासणी तिथे सर्वांत पद्धतशीर उभी राहिली आणि तितक्याच जाहीरपणे कोलमडली. २००० च्या केअर स्टँडर्ड्स कायद्याने अशा एजन्सी पहिल्यांदा नियमनाखाली आल्या. २००९ पासून हे काम केअर क्वालिटी कमिशनकडे आहे. घर झाडणं, सामान आणून देणं यांना नोंदणी लागत नाही. अंगाला हात लावायची सेवा, म्हणजे आंघोळ, कपडे, शौच, भरवणं सुरू झालं की लागते. प्रत्येक संस्थेला नाव नोंदवलेला व्यवस्थापक हवा, जो कायद्याने जबाबदार धरला जातो. तपासनीस पाच प्रश्न घेऊन येतात: सेवा सुरक्षित आहे का, उपयोगी पडते का, आपुलकीची आहे का, गरजेप्रमाणे बदलते का, आणि संस्था नीट चालवली जाते का. निकालाच्या चार पायऱ्या, ‘उत्कृष्ट’ पासून ‘अपुरी’ पर्यंत. आणि २०१५ पासून तो निकाल लोकांना दिसेल असा लावणं सक्तीचं.

वृद्धाश्रमात तपासनीस न सांगता धडकतात. घरपोच सेवेच्या ऑफिसला बहुधा एकदोन दिवस आधी कळवतात, कारण ऑफिसात कुणी नसेल तर येऊन उपयोग काय. मग भरतीच्या फायली, औषधांचे तक्ते, ड्यूटीचे तक्ते, तक्रारींचं रजिस्टर. खरी माहिती मिळते ती त्यानंतरच्या फोनवरून. सेवा घेणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना विचारतात: ठरल्या वेळी येतात का? रोज वेगळाच चेहरा असतो का? उशीर होणार असेल तर कुणी कळवतं का? काम करणाऱ्यांना विचारतात: एका घरून दुसऱ्या घरी जायला वेळ दिला जातो का? हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण ज्या संस्थेत माणसं टिकत नाहीत आणि वेळा हुकतात, तिथे बाकीचे घोटाळे शोधायला फार लांब जावं लागत नाही. चांगला व्यवस्थापक टिकून असेल तिथे सेवाही चांगली असते, हे कमिशनने २०१७ च्या आपल्या आढाव्यात ठासून सांगितलं होतं.

तरीही दोन ठिकाणी ही व्यवस्था अडली. पहिलं ठिकाण म्हणजे पंधरा मिनिटं. बहुतेक सेवा स्थानिक परिषदा विकत घेतात आणि पैसे वाचवायला भेटी कापतात. समता व मानवी हक्क आयोगाने २०११ मध्ये चौकशी केली तेव्हा आंघोळ की जेवण यांतून एक निवडायची पाळी आलेली म्हातारी माणसं समोर आली. २०१५ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाली की, सहसा अर्ध्या तासाच्या आत भेट आटपू नये. पण तपासनीस एजन्सीला नापास करायचा आणि पंधरा मिनिटांची ऑर्डर देणारी परिषद नामानिराळी राहायची. परिषदांचं मूल्यमापन कमिशनच्या अखत्यारीत आलं ते थेट २०२३ मध्ये. वेल्सने मात्र वेळेची मर्यादा नियमातच घातली आणि २०२० पासून घरी जाणाऱ्या प्रत्येक सेविकेची व्यक्तिगत नोंदणीही सक्तीची केली.

दुसरं ठिकाण खुद्द कमिशनच. २०२४ च्या जुलैत डॉ. पेनी डॅश यांचा कमिशनच्या कारभारावरचा अंतरिम अहवाल आला आणि आरोग्यमंत्र्यांनी ही संस्था कामाला नालायक ठरल्याचं जाहीरच केलं. तपासणीच्या अधिकारात येणाऱ्या ठिकाणांपैकी साधारण पाचातल्या एकाला कधी दर्जाच मिळाला नव्हता, कित्येकांचे निकाल वर्षानुवर्षं शिळे होते. नवी संगणक प्रणाली, नवी एकसाची चौकट आणि त्या क्षेत्राचा अनुभव नसलेले तपासनीस, अशी कारणं पुढे आली. दारावर ‘चांगली’ अशी पाटी आहे, पण ती पाच वर्षांपूर्वीची. मधल्या काळात मालक, व्यवस्थापक आणि निम्म्या सेविका बदलल्या. अशी पाटी नसलेली बरी.

गुण देण्याची जर्मनीची हौस याहून महागात पडली. २००९ मध्ये तिथे शाळेसारखे गुण सुरू झाले, सरासरी काढली जाई आणि जवळपास सगळेच ‘अति उत्तम’ निघू लागले. जेवणाचा तक्ता वाचता येईल अशा अक्षरात लावलाय, याचे गुण शय्याव्रणाच्या हलगर्जीपणाचे गुण भरून काढत. वृद्धाश्रमांपुरते ते गुण २०१९ पासून बाद झाले. इंग्लंडमध्ये निदान पाचपैकी दोन प्रश्नांत कमी पडलेल्या संस्थेला एकूण ‘चांगली’ सहसा म्हणता येत नाही. जर्मनीकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. घरची माणसंच सेवा करत असतील आणि देखभाल विम्याचे रोख पैसे घेत असतील, तरी ठरावीक काळाने एका जाणकाराला घरी बोलावून सल्ला घेणं बंधनकारक आहे. टाळलं तर पैसे कापले जातात. सून किंवा मुलगा थकून गेलाय, हे त्या भेटीत दिसतं.

जपानमध्ये २००० साली देखभाल विमा आला. तिथे केअर मॅनेजर सहसा महिन्यातून किमान एकदा घरी जाऊन पाहतो. २००७ मध्ये कोमसन या बड्या कंपनीने कामावर नसलेली माणसं दाखवून केंद्रांना मान्यता मिळवल्याचं उघड झालं आणि तिला धंदाच सोडावा लागला. त्यानंतरच्या दुरुस्तीत मुख्यालयात शिरून तपासणी करायचा अधिकार सरकारने घेतला. शाखा तपासून भागत नाही, खोट्या हजेरीचा निर्णय वर होतो, हे त्यांना एका दणक्यात कळलं.

आपल्याकडे शिकण्यासारखं काहीच नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायचा प्रयोग केला. त्यात गावातल्या बायकांना प्रशिक्षण देण्याइतकंच महत्त्व त्यांच्या नोंदी घरी जाऊन पडताळण्याला होतं. केरळात २००८ च्या धोरणानंतर पंचायतींच्या परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. नर्स कधी आली नाही हे शेजाऱ्यापासून पंचायत सदस्यापर्यंत सगळ्यांना कळतं. कुठल्याही फायलीपेक्षा ही नजर तिखट असते. शहरातल्या बंद दारांच्या फ्लॅटमध्ये ती नाही. तिची जागा हल्ली सीसीटीव्हीने घेतली आहे आणि न्यू जर्सीतली लेक रात्री दोन वाजताही आईची खोली फोनवर पाहते. तिची काळजी खरी आहे. पण स्पंजिंग होताना आईची अब्रू आणि मावशींची अब्रू दोन्ही त्या पडद्यावर असतात, आणि कॅमेरा फार तर झालेल्या प्रकाराचा पुरावा देतो. कूस कशी वळवायची हे तो शिकवत नाही.

घर हेही तपासणीत यायला हवं, हे बोलायला जड जातं. ड्यूटी पेशंटची ठरलेली असते आणि तिसऱ्या दिवशी भांडी, आठव्या दिवशी नातवाचा डबा मावशींकडे येतो. त्यांना जेवायला, पाठ टेकायला जागा नसते. काही घरांत संडासही वेगळा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण आहे आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिचा पत्ता किती ब्यूरो आपल्या बायकांना देतात? घर महिन्याला जेवढे मोजतं, त्यातले मावशींच्या हातात किती पडतात, हा आकडा प्रत्येक तपासणीच्या पहिल्या पानावर हवा. ब्यूरोचं कमिशन फुगलेलं आणि पगार आटलेला असेल, तर महिन्याभरात तिसरी ‘बदली’ येणार आणि आजींना पुन्हा एका अनोळखी बाईसमोर कपडे उतरवावे लागणार.

महाराष्ट्राने भलामोठा कायदा करायची वाट पाहू नये, असं माझं मत आहे. इंग्लंडचं उदाहरण पाहता पन्नास निकषांची चौकट पेलणारं खातं आपल्याकडे नाही, आणि असलं तरी त्याचं इन्स्पेक्टर राज व्हायला वेळ लागणार नाही. सुरुवातीला एवढंच पुरे: अंगाला हात लावायची सेवा देणाऱ्या प्रत्येक ब्यूरोची नोंदणी. जबाबदार म्हणून एका नोंदणीकृत परिचारिकेचं नाव. तिने दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जाऊन वहीत सही करायची. मावशींचं शिक्षण खरं काय आहे ते करारात लिहायचं. आणि तक्रारीसाठी ब्यूरोबाहेरचा एक नंबर. एवढं झालं तर सरकारी तपासनिसाला दोनशे घरं हिंडावी लागणार नाहीत. दहा घरांना फोन करून ‘नर्सबाई शेवटच्या कधी आल्या होत्या?’ एवढं विचारलं की ब्यूरोचा दर्जा कळेल.

तोवर ज्यांच्या घरी आज मावशी येतात, त्यांनी ब्यूरोला तीन गोष्टी लेखी मागाव्यात: येणाऱ्या बाईंची पात्रता, त्यांना मिळणारा प्रत्यक्ष पगार, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या जाणकाराचं नाव. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या सभासदांकडून ही उत्तरं गोळा करून संघाच्या फलकावर लावावीत. त्याला कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही.